रांग मोडणारे आणि रांग टाळणारे

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांपुढे जे वाक्प्रचार लवकर येतात त्यांत ‘जंप द क्यू’ हा एक आहे. ‘क्यू’ म्हणजे रांग आणि ‘जंप’ म्हणजे उडी. शब्दशः अर्थ रांगेवरून उडी मारणे, आणि रूढ अर्थ आपली पाळी येण्यापूर्वी पुढे घुसणे. अमेरिकेत यालाच ‘कट इन लाइन’ म्हणतात, अशी पुस्तीही शिक्षक जोडतो. चिनी भाषेत याच कृतीसाठी ‘छादुई’ असा दोन अक्षरांचा शब्द तयारच आहे. ‘छा’ म्हणजे खुपसणे आणि ‘दुई’ म्हणजे रांग, तुकडी किंवा पथक. विद्यार्थी वहीत एका शब्दापुढे दुसरा लिहितो आणि दोन भाषांमधील देवघेव पुरी झाली असे समजतो.

परंतु असे धडे सहसा एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांना उपदेशाचे एक शेपूट जोडलेले असते. रांग हे इंग्रजांच्या सभ्यतेचे लक्षण आहे, रांग मोडणाऱ्याकडे तेथे तिरस्काराने पाहिले जाते, सबब परदेशी जाणाऱ्याने याचे भान ठेवावे, असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. सांगणाऱ्याने उच्चारला नाही तरी ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा उत्तरार्ध उमटतोच: इंग्रज मुकाट रांगेत उभा राहतो म्हणून सुसंस्कृत, आणि चिनी माणूस ढकलाढकल करतो म्हणून मागासलेला. चीनमध्ये २००१ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण आले. भाषेबरोबर असे संस्कारही कोवळ्या वयात रुजत असतील, तर ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आक्षेप वाक्प्रचारावर नाही, त्याच्या या शेपटावर आहे. रांगेचा इतिहास सभ्यतेपासून सुरू होत नाही. तो टंचाईपासून सुरू होतो. आणि टंचाईच्या काळात सर्वांत मोठा अन्याय रांगेत घुसणारा करीत नाही. ज्याला रांगेत उभे राहावेच लागत नाही तो करतो. ‘जंप द क्यू’ या शब्दांत पहिल्या माणसाला नाव आहे, दुसऱ्याला नाही. शिकवण्याजोगी गोष्ट खरे तर ही आहे.

शब्दाच्या मुळाशीच जाऊन पाहावे. ‘क्यू’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून उचलला आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आहे शेपूट. इंग्रजीत तो माणसांच्या रांगेसाठी रूढ होण्यापूर्वी पाठीवर सोडलेल्या केसांच्या वेणीसाठी वापरला जात होता. चीनच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथांत ‘क्यू’ म्हणजे रांग नव्हे. मांचू राज्यकर्त्यांनी हान पुरुषांवर लादलेली वेणी होय. १६४५ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येक पुरुषाने कपाळावरचे केस भादरून मागे वेणी ठेवावी. जो ठेवणार नाही त्याचे डोके जाईल, असा तो हुकूम होता, आणि त्याप्रमाणे असंख्य डोकी गेली. १९११ च्या क्रांतीनंतर ती वेणी कापली गेली. ज्या चिनी मुलाला ‘क्यू’ हे सुसंस्कृतपणाचे चिन्ह म्हणून शिकवले जाते, त्याच्या पूर्वजांच्या पाठीवर हाच शब्द अडीचशे वर्षांहून अधिक काळ दास्याची खूण म्हणून लोंबत होता. या योगायोगातून सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. पण शिस्त कोणी कोणावर लादली हा प्रश्न शब्दाला पहिल्यापासून चिकटलेला आहे, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

माणसांची रांग या अर्थाने हा शब्द इंग्रजीत आणण्याचे श्रेय सामान्यतः थॉमस कार्लाइलला देतात. १८३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात त्याने पॅरिसमधील पाववाल्यांच्या दारांपुढील रांगांचे वर्णन केले. म्हणजे इंग्रजी साहित्यात रांग अवतरली ती लंडनच्या शिष्टाचारातून नव्हे, पॅरिसच्या भुकेतून. आणि त्या रांगांचे पुढे काय झाले तेही प्रसिद्ध आहे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पावाच्या टंचाईने गांजलेल्या पॅरिसच्या बायका व्हर्सायवर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला राजधानीत घेऊन आल्या. पाववाल्याच्या दारात पाळीची वाट पाहणाऱ्या बायका राजवाड्याच्या दारात पाळीची वाट पाहत बसल्या नाहीत, म्हणून इतिहास त्यांना ओळखतो.

इंग्रजांच्या ज्या रांगप्रेमाचा एवढा गवगवा होतो ते तरी कोठून आले? पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ च्या हिवाळ्यात, लोणी, मार्गारिन आणि मांस यांसाठी इंग्लंडच्या शहरांत लांबच लांब रांगा लागू लागल्या. सरकार प्रथम टाळाटाळ करीत राहिले. अखेर कामगारवर्गातील असंतोष वाढू लागला, तेव्हा १९१८ मध्ये शिधावाटप सुरू झाले, आणि प्रत्येकाला ठरलेला वाटा मिळणार अशी खात्री होताच रांगा झपाट्याने ओसरल्या. लोक अचानक अधिक सभ्य झाले म्हणून त्या ओसरल्या नाहीत. वाटप अधिक न्याय्य झाले म्हणून ओसरल्या. दुसऱ्या महायुद्धात ८ जानेवारी १९४० पासून पुन्हा शिधापत्रिका आल्या. युद्ध संपल्यावर तर १९४६ ते १९४८ या काळात पावावरही नियंत्रण आले, जे युद्धकाळात नव्हते. शेवटचे नियंत्रण उठायला १९५४ चा जुलै उजाडावा लागला. साडेचौदा वर्षे इंग्रज गृहिणी पिशवी घेऊन दुकानांपुढे उभी होती. तिच्या तंगडतोडीला पुढे ‘राष्ट्रीय स्वभाव’ असे गोंडस नाव मिळाले.

या रांगांचे राजकारणही झाले. १९५० च्या निवडणुकीत विरोधी पक्षनेते विन्स्टन चर्चिल यांनी मजूर पक्षाच्या ब्रिटनची ‘क्यूटोपिया’ म्हणजे रांगांचे नंदनवन अशी खिल्ली उडवली. समाजवाद म्हणजे रांग, हे समीकरण तेव्हापासून उजव्या प्रचाराचे आवडते अस्त्र आहे. त्याला उत्तर दिलेच पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य अधिक फसवे असते.

वस्तू कमी आणि माणसे अधिक असली की कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवावेच लागते. ते रांगेने ठरवता येते, शिधापत्रिकेने ठरवता येते किंवा किमतीने ठरवता येते. किमतीने ठरवले की दुकानापुढची रांग नाहीशी होते, हे खरे. पण रांगेतील माणसे कोठे जातात? ती घरी जातात, रिकाम्या हाताने. बाजारातही क्रम असतो. तो पाकिटाच्या जाडीने लागतो आणि ज्याचा क्रमांक शेवटी त्याला दुकानापर्यंत येण्याचेही प्रयोजन उरत नाही. न दिसणारी रांग ही नसलेली रांग नव्हे. १९४६ च्या इंग्लंडात उमरावाची बायको आणि खाणकामगाराची बायको यांच्या पत्रिकेवर पावाचा हक्क होता, याची लाज समाजवाद्यांनी बाळगण्याचे कारण नाही. उलट श्रीमंतांसाठी उपाहारगृहांची आणि काळ्या बाजाराची वाट त्याही काळात मोकळी राहिली, याची खंत बाळगावी.

चर्चिल यांच्या वारसांनी पुढे रांगेचाच आणखी एक उपयोग केला. १९७८ मध्ये हुजूर पक्षाने एक भित्तिपत्रक काढले. बेकारांच्या नोंदणी कचेरीपासून निघालेली नागमोडी रांग आणि वर मजूर सरकारच्या काळात काम नाही अशा अर्थाची द्व्यर्थी घोषणा. त्या रांगेतील माणसे बेकार नव्हती. ती पक्षाच्याच तरुण शाखेची वीसेक मंडळी होती आणि त्यांची छायाचित्रे पुनःपुन्हा जोडून रांग लांबवली होती. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या, आणि १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. चित्रातील नकली रांग अशा रीतीने खरी झाली. या तीस लाखांपैकी कोणीही कोणाच्या पुढे घुसले नव्हते. तरी त्यांची पाळी येत नव्हती.

आता चिनी शब्दाकडे वळावे. ‘छादुई’ या शब्दाचा रांगेत घुसणे हा अर्थ विद्यार्थ्याला कोणी सांगायला नको. पण त्याच्या आजीआजोबांच्या पिढीला त्याच दोन अक्षरांचा दुसरा अर्थ अधिक जवळून माहीत आहे. सामुदायिक शेतीच्या काळात खेड्यातील सर्वांत खालचा घटक म्हणजे उत्पादन-पथक. शहरातील शाळकरी तरुणांना खेड्यांत पाठवून अशा पथकांत सामील करणे, यालाही ‘छादुई’ हेच नाव होते. २२ डिसेंबर १९६८ रोजी ‘पीपल्स डेली’ या मुखपत्रात माओ झेडाँग यांचा आदेश झळकला: सुशिक्षित तरुणांनी खेड्यांत जाऊन गरीब शेतकऱ्यांकडून पुन्हा शिक्षण घ्यावे. साठ आणि सत्तरच्या दशकांत मिळून सुमारे एक कोटी सत्तर लाख तरुण असे धाडले गेले. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनीही १९६९ पासून सात वर्षे शान्शी प्रांतातील ल्यांगज्याह खेड्यात अशीच काढली.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांशेजारी ठेवून पाहावेत. एक ‘छादुई’ करतो तो इतरांच्या आधी आपले काम उरकण्यासाठी. दुसऱ्याला ‘छादुई’ करावी लागते ती हुकूम आला म्हणून. पहिल्याला समाज उद्धट म्हणतो. दुसऱ्याच्या आयुष्यातील शिक्षणाची वर्षे गेली, त्याच्याबद्दल धड्यात एक ओळही नसते.

आणि या पथकांतूनही सुटकेची रांग होतीच. शहरात परतायचे तर सैन्यभरती, कारखान्यातील नोकरी किंवा विद्यापीठातील प्रवेश हे मार्ग होते. प्रवेशपरीक्षा बंद होत्या. १९७० पासून विद्यापीठांत ‘शिफारशी’ने प्रवेश मिळू लागला आणि ही पद्धत १९७७ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू होईपर्यंत चालली. शिफारस कोणाची होणार हे सांगायला ज्योतिषी नको. अधिकाऱ्यांची मुले ज्या मार्गाने परतली त्याला चिनी भाषेत ‘मागल्या दाराने जाणे’ म्हणतात. ‘जंप द क्यू’चा खरा जोडीदार हा वाक्प्रचार आहे, वहीत मात्र तो क्वचितच शेजारी लिहिला जातो.

फूच्यान प्रांतातील ली छिंगलिन या प्राथमिक शिक्षकाने तो लिहिला, आणि थेट माओंना लिहिला. त्यांचा मुलगा डोंगराळ खेड्यातील पथकात होता. वर्षभर राबूनही त्याला पोटापुरते धान्य मिळत नव्हते, आणि सत्ताधाऱ्यांची मुले मात्र मागल्या दाराने खेड्यातून निघून जात होती, असे गाऱ्हाणे १९७२ च्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी मांडले. १९७३ च्या एप्रिलमध्ये माओंनी उत्तर धाडले आणि सोबत तीनशे युआन पाठवले. पत्राने देशभर खळबळ उडाली आणि सुशिक्षित तरुणांच्या हलाखीची सरकारी पातळीवर दखल घेतली गेली. पण मागले दार बंद झाले नाही. माओंच्या निधनानंतर सत्तेचे वारे फिरले आणि ली यांनाच दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला. १९९४ मध्ये ते सुटले. ज्या राजवटीत समतेचा उद्घोष रोज होई, तेथे सामान्यांसाठी १९५५ पासून धान्याच्या चिठ्ठ्या होत्या आणि वरिष्ठांसाठी वेगळ्या पुरवठ्याची सोय होती. लोकशाहीवाचून समाजवाद कसा विकृत होतो, हे सांगण्यासाठी आणखी पुरावा कशाला हवा? रांगेत उभा असलेला माणूस प्रश्न विचारू शकत नसेल, तर रांग ही समतेची नव्हे, तुरुंगाची होते.

धान्याच्या चिठ्ठ्या १९९३ मध्ये इतिहासजमा झाल्या. दुकाने भरली. मग रांगेचे शिक्षण सुरू झाले. २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी राजधानी सजत असताना, ११ फेब्रुवारी २००७ पासून, बीजिंगमध्ये दरमहा ११ तारीख ‘रांगदिन’ ठरवण्यात आली, कारण ११ हा आकडा एकामागे एक उभ्या असलेल्या दोन माणसांसारखा दिसतो. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून नागरिकांना शिस्त लावण्यात वावगे काही नाही. परंतु त्याच शहरात मोठ्या रुग्णालयांच्या दारात नावनोंदणीचे क्रमांक चढ्या दराने विकणारे दलाल होते. २०१६ च्या जानेवारीत परगावाहून आलेल्या एका तरुणीने रुग्णालयाच्या आवारात त्यांच्याविरुद्ध केलेल्या आक्रोशाचे चित्रण देशभर पाहिले गेले. त्याच शहरात वर्षानुवर्षे इमारती बांधणाऱ्या मजुराची नोंद, १९५८ पासूनच्या कुटुंबनोंदणी पद्धतीप्रमाणे, त्याच्या गावचीच राहते, आणि त्याच्या मुलाला तेथील नागरिक म्हणून विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देता येत नाही. बसथांब्यावरील रांग सरळ झाली. शिक्षणाची आणि औषधाची रांग कोणी सरळ करायची?

इंग्लंडची गोष्ट निराळी आहे असे कोणी समजू नये. २०२२ च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनासाठी लंडनमध्ये सुमारे अडीच लाख माणसे थेम्सकाठी रांगेत उभी राहिली, काही रात्रभर. ही रांग म्हणजे ब्रिटिश आत्म्याचे दर्शन, असे स्तुतिपाठ वृत्तपत्रांनी गायले. दूरचित्रवाणीवरील दोन निवेदक रांग चुकवून आत गेल्याचा बोभाटा झाला; आपण वार्तांकनासाठी गेलो होतो असा खुलासा त्यांनी केला, तरी त्यांना काढून टाका अशा मागणीवर हजारो सह्या झाल्या. आणि त्याच वेळी संसद-सदस्यांना रांगेत उभे न राहता आत जाण्याची, शिवाय सोबत चार पाहुणे नेण्याची अधिकृत मुभा होती. तिच्यावर थोडी कुरकुर झाली आणि विरून गेली. परवानगीने रांग टाळणे हा गुन्हा ठरत नाही. त्याला ‘जंप’ म्हणत नाहीत.

राष्ट्रीय आरोग्य सेवेत हेच अधिक गंभीर स्वरूपात दिसते. ५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली ती उपचार गरजेप्रमाणे मिळावा, पैशाप्रमाणे नव्हे, या तत्त्वावर. परंतु तज्ज्ञ डॉक्टरांचा विरोध मोडण्यासाठी अन्युरिन बेव्हन यांना सार्वजनिक रुग्णालयांत पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळ्या खाटा ठेवू देण्याची तडजोड करावी लागली. १९७४ नंतर बार्बरा कॅसल यांनी त्या खाटा हटवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा डॉक्टरांनी रान उठवले. २०२३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील उपचारांची प्रतीक्षायादी ७७ लाख प्रकरणांच्या पलीकडे गेली होती. ज्याच्यापाशी पैसा आहे तो खाजगी रुग्णालयात जातो आणि कित्येकदा सरकारी सेवेतीलच शल्यविशारद त्याच्यावर तेथे आधी शस्त्रक्रिया करतो. याला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ म्हणतात.

म्हणजे ‘जंप द क्यू’ हे दूषण कोणाला लागते? जो दिसतो आणि दुबळा असतो त्याला. ऑस्ट्रेलियात याच वाक्प्रचाराचे नाम झाले आणि ते आश्रयासाठी नावांतून येणाऱ्या निर्वासितांच्या कपाळी डागले गेले. २००१ च्या ऑगस्टमध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेजियन जहाजाने बुडत्या नावेतून चारशेहून अधिक माणसे वाचवली. त्यांत बहुतेक अफगाण होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरू दिले नाही. त्यांतील बहुतेकांची रवानगी नाउरू बेटावर झाली. हे लोक ‘रांग मोडणारे’ आहेत, असे सांगितले गेले. कोणती रांग? तालिबानच्या अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियाची वकिलातही नव्हती. जगभरच्या निर्वासितांपैकी दर वर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांना तिसऱ्या देशात रीतसर पुनर्वसन मिळते. जी रांग अस्तित्वातच नाही ती मोडल्याचा आरोप जीव घेऊन पळणाऱ्यावर ठेवता येतो, आणि तो मतदारांना पटतोही, एवढे सामर्थ्य एका साध्या वाक्प्रचारात असते. म्हणूनच तो शिकवताना सावध राहिले पाहिजे.

यावर कोणी विचारील की मग रांगेत खुशाल घुसावे काय? मुळीच नव्हे. बसथांब्यावर किंवा शिधादुकानावर पुढे घुसणारा आपल्यासारख्याच दुसऱ्या गरजूचा वेळ चोरतो, आणि बहुधा अधिक अशक्त असलेल्याचा चोरतो. रांगेत मंत्र्याचे आणि मोलकरणीचे पाऊल एकाच मापाने पुढे सरकते, म्हणून समाजवाद्याने रांगेचा आदरच केला पाहिजे. जिथे आजारी, गरोदर, वृद्ध यांना पुढे जाऊ दिले जाते तिथे तर रांग समतेहूनही उंच, बंधुभावाच्या पायरीवर पोचते. पण आदर रांगेच्या तत्त्वाचा असावा, रांग ज्या टंचाईतून निपजते तिचा नव्हे. आणि तत्त्वाचा आदर करणाऱ्याने ते सर्वांना लागू करावे. समोरच्या दारात काठी घेऊन उभा असलेला आणि मागल्या दाराची किल्ली खिशात बाळगणारा पहारेकरी शिस्तीचा रक्षक नव्हे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. चिनी माणसाचे मागले दार म्हणजेच मराठीतील ‘वशिला’. त्या शब्दात जेवढा तिरस्कार आहे तेवढाच हेवाही आहे, हेच दुर्दैव. पण दुसरे उदाहरणही महाराष्ट्रानेच दिले आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्यासाठी, तेलासाठी तिष्ठत राहिलेल्या बायकांचाच तो मोर्चा होता. पॅरिसमध्ये जे घडले ते थोडक्या प्रमाणात येथेही घडले. आपण एकमेकींच्या मागे उभ्या आहोत एवढेच नव्हे, एकमेकींच्या बरोबर उभ्या आहोत, हे कळले की रांगेचा मोर्चा होतो.

तेव्हा चिनी विद्यार्थ्याला ‘जंप द क्यू’ अवश्य शिकवावे. अर्थ सांगावा, उपयोग सांगावा, अमेरिकन प्रतिशब्दही सांगावा. सभ्यतेचे शेपूट मात्र कापून टाकावे, आणि त्या जागी तीन प्रश्न लिहून द्यावेत: ही रांग कशामुळे लागली? तिचा क्रम कोणी ठरवला? आणि तिच्यात कोण कधीच दिसत नाही? हे प्रश्न ज्याला विचारता आले त्याला इंग्रजीच नव्हे, स्वतःची भाषाही अधिक कळली असे म्हणता येईल. आणि ते विचारण्याची मोकळीक त्याला बीजिंगमध्ये मिळावी, लंडनमध्ये मिळावी आणि मुंबईतही मिळावी, यासाठी झगडणे हे ज्यांना समता हवी आहे त्यांचे काम आहे.